डावरा हात आणि देवनागरी: ओढायची रेघ, ढकलायची रेघ

कोऱ्या कागदावर भरभर पाच-सहा ‘ठ’ काढा. आता कागदाकडे न बघता सांगा, गोल कुठून सुरू केला होता आणि कोणत्या बाजूने फिरवला? पुष्कळांना सांगता येत नाही, हवेत बोट फिरवून बघावं लागतं. बालवाडीत ‘ग म भ न’ गिरवताना हाताला जी वळणं लागली, ती पुढे आयुष्यभर आपल्या नकळत चालू राहतात. शिरोरेघ अक्षरागणिक मारायची की शब्द संपल्यावर, उभा दंड आधी की गोल गाठ आधी, चित्रातल्या माणसाचं नाक कोणत्या दिशेला, छायेच्या रेघा कुठे कललेल्या, हे सगळं त्यातच आलं. यातल्या बऱ्याच सवयी आपण कोणत्या हाताने लिहितो त्यावर ठरतात. म्हणून घरात किंवा वर्गात डावखुरं मूल असेल तर ‘अक्षर सुधार’ म्हणण्याआधी त्याची रेघ कुठून निघते आणि कुठे जाते ते बघावं.

मूळ गोष्ट एकच आहे. पेन ओढलं की नीट चालतं, ढकललं की अडतं. उजव्या हाताने डावीकडून उजवीकडे लिहिताना पेन हातामागून येतं, रेघ ओढली जाते. तीच रेघ डाव्या हाताला ढकलावी लागते. टोक कागदात रुततं, शाईपेन खरखरतं, बॉलपेन मध्येच कोरडं उमटतं, आणि ताजी शाई हाताखाली येते. देवनागरी डावीकडून उजवीकडे जाते, वर प्रत्येक शब्दावर आडवी रेघ. म्हणजे डाव्या हाताला सगळ्यात जाचक असलेली रेघ आपल्या लिपीत शब्दागणिक येते.

आधी हात ओळखा

साधारण दहा माणसांत एक डावखुरा असतो. बहुतेक मुलांचा हात तीन-चार वर्षांत दिसू लागतो आणि पाच-सहापर्यंत पक्का होतो. आई-बाप दोघं उजवे असले तरी मूल डावरं निघू शकतं, त्यात कोणाची चूक नाही.

हात मोजायची सर्वांत परिचित पद्धत म्हणजे एडिनबर्ग प्रश्नावली. मानसशास्त्रज्ञ ओल्डफील्ड यांनी ती 1971 मध्ये प्रसिद्ध केली. लिहिणं, चित्र काढणं, फेकणं, कात्री, दात घासणं, चमचा, झाडू अशी दहा कामं, आणि कोणतं काम कोणत्या हाताने, एवढंच विचारायचं. ती आपल्या घरात जशीच्या तशी चालत नाही, कारण तिच्यात चमचा आहे. मराठी घरात मूल जेवायला बसतं तेव्हापासून ‘उजव्या हाताने खा’ सुरू होतं. नैवेद्य, प्रसाद, हळदीकुंकू सगळं उजव्याच हाताने. जेवायला उजवा आणि लिहायला डावा अशी तडजोड झालेली माणसं गल्लोगल्ली सापडतील. शिकवलेल्या हातावरून मूळचा हात कळत नाही, म्हणून जेवण आणि देवघर चाचणीतून वगळा. त्याऐवजी ही दहा कामं घ्या: चित्र काढणं, खोडरबराने खोडणं, चेंडू फेकणं, कात्रीने कापणं, दात घासणं, रांगोळीची चिमूट सोडणं, बरणीचं झाकण फिरवणं, कुलपात किल्ली घालणं, पत्ते वाटणं, आणि संत्रं सोलणं.

संत्र्याच्या बाबतीत देठाकडे कोणत्या हाताचा अंगठा खुपसला जातो तेवढं बघायचं. नागपुरात हिवाळाभर घरात संत्री असतातच आणि सोलायला कोणी कोणाला शिकवत नाही, त्यामुळे ही चाचणी भरवशाची. रांगोळीही तशीच. चिमटीतून बारीक धार सोडणं हे कौशल्याचं काम आहे, तिथे हात खोटं बोलत नाही.

पद्धत अशी. वस्तू मुलाच्या बरोबर समोर, मध्यभागी ठेवा. हातात देऊ नका, नाहीतर आपण ज्या बाजूने दिली तोच हात पुढे येतो. ‘आता बघू कोणता हात’ असं बोलू नका. प्रत्येक काम दोन वेगवेगळ्या दिवशी करवून घ्या, म्हणजे 20 नोंदी होतात. उजव्यातून डावे वजा करा, बेरजेने भागा, शंभराने गुणा. डावे 15 आणि उजवे 5 असतील तर उणे 50. अधिक 100 म्हणजे पूर्ण उजवा, उणे 100 म्हणजे पूर्ण डावा, बहुतेक माणसं मध्येच कुठेतरी. शून्याच्या आसपासचं मूल असेल तर घाई न करता सहा महिन्यांनी पुन्हा बघा. तोवर त्याने पेन्सिल ज्या हातात घेतली त्यात राहू द्या, फक्त एकाच पानावर हात बदलत बसू देऊ नका.

क्रिकेटवरून निष्कर्ष काढू नका. बॅट दोन्ही हातांनी धरतात. सचिन तेंडुलकर फलंदाजी आणि गोलंदाजी उजव्याने करायचा, सही मात्र डाव्या हाताने करतो.

आणि हात बदलवू नका. ‘आता लहान आहे, वळेल’ म्हणून पेन्सिल उजव्या हातात कोंबली की अक्षर तर बिघडतंच, वर लिहिण्याचाच कंटाळा येतो. आजोबांच्या काळी हातावर पट्टी बसायची हे काही त्या पद्धतीच्या बाजूने प्रमाणपत्र नव्हे.

बैठक, कागद, पकड

इथे थोडं बारकाईने. डाव्या हाताच्या बऱ्याच तक्रारी कागद सरळ ठेवल्याने होतात, असं कोणत्याही अनुभवी चित्रकला शिक्षकाला विचारा, मान डोलावतील.

कागद शरीराच्या मध्यरेषेच्या थोडा डावीकडे सरकवा. मग तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवा: वरचा डावा कोपरा उंच, खालचा उजवा कोपरा आपल्या पोटाकडे. किती? 30 अंशांच्या आसपास सुरुवात करा, गरज पडली तर 40 पर्यंत जा. (उजव्या हाताला नेमकं उलट, आणि 20-25 अंश पुरे.) रोमन लिपीसाठी याहून जास्त तिरकं ठेवलं तरी चालतं, पण देवनागरीचे दंड उभे असतात. कागद फार फिरवला की दंड ओळीला कललेले पडतात. कागद पुन्हा सरळ करून बघा: ‘ग’, ‘म’, ‘भ’ यांचे दंड शिरोरेघेशी काटकोनात आले तर कोन बरोबर. डावीकडे झुकले तर पाच अंश कमी करा.

कोन सापडला की बाकावर किंवा टेबलावर मास्किंग टेपचा एक तुकडा त्या कोनात चिकटवा, वहीची कड त्याला लावायची. मुलाला ‘तिरकं ठेव’ हे दिवसातून दहा वेळा सांगण्यापेक्षा हे बरं.

पकड टोकापासून 3 ते 4 सेंटीमीटरवर. उजव्या हाताला 2 ते अडीच पुरतात, डाव्याने जरा वर धरलं की लिहिलेलं दिसतं. पेन्सिलीला त्या जागी रबरबँडचे दोन वेढे द्या. अंगठा आणि तर्जनी दोन बाजूंनी, खाली मधल्या बोटाचा टेका, ही तीन बोटांची पकड शिकवायला सोपी. पण चार बोटांची पकडही चालते, ती मोडायचं कारण नाही. मोडावी अशी खूण वेगळी आहे: अंगठा तर्जनीवरून पार पलीकडे गुंडाळलेला, नखं पांढरी पडलेली, पानाच्या मागच्या बाजूने बोट फिरवलं तर अक्षरं उंचवट्यासारखी लागतात. तिथे दाब जास्त आहे. पानाखाली जाड पुठ्ठ्याऐवजी मऊ वर्तमानपत्राची घडी ठेवून लिहायला लावा. जास्त दाबलं की कागद फाटतो आणि मूल आपोआप हात सैल सोडतं.

मनगट ओळीच्या खाली हवं. हात तीन तऱ्हांनी बसतो. ओळीच्या खाली असला तर काही पुसत नाही. ओळीवरच असला तर नुकतंच लिहिलेलं अक्षर तळव्याखाली येतं. आणि आकड्यासारखा वळून ओळीच्या वर गेला तर आधीच्या ओळी पुसल्या जातात, मनगट दुखतं ते वेगळंच. वहीवर डाग कुठे पडलाय ते बघितलं की मूल समोर नसतानाही त्याचा हात कसा बसतो ते कळतं. आकड्यासारखा हात दुसरी-तिसरीपर्यंत मोडता येतो. त्यानंतर सवय पक्की असेल, वेग असेल आणि दुखत नसेल तर सोडून द्या. अशा मुलाला कागद उलट, म्हणजे उजव्या हातासारखा तिरका ठेवलेला सोयीचा पडतो. त्याला वरचा नियम लावू नका.

उजेड डाव्या हाताला उजवीकडून हवा. खोलीत टेबल एकाच खिडकीपाशी असतं आणि ते थोरल्या भावंडाच्या उजव्या हाताच्या हिशेबाने लावलेलं असतं, त्यामुळे धाकट्या डावऱ्याच्या वहीवर कायम स्वतःच्याच हाताची सावली. शाळेत बाकाचं डावं टोक मागून घ्या. मध्ये बसवलं की दोघांची कोपरं आपटत राहतात आणि भांडणाचा दोष डावऱ्यावर येतो.

शिकवणारा उजवा असेल तर मुलाच्या मागून हात धरून गिरवून घेऊ नका, तुमच्या मनगटाची वळणं त्याच्या हाताला उलटी बसतात. मुलाच्या उजव्या बाजूला बसा, वेगळ्या कागदावर मोठं अक्षर काढून दाखवा. बुटाची नाडी किंवा सुतळीची गाठ शिकवायची असेल तर मात्र समोरासमोर बसा, आरशासारखं.

अक्षरात कुठे अडतं

‘क’ घ्या. डावीकडची गाठ, मग दंड, मग उजवीकडचा कान, शेवटी शिरोरेघ. गाठ दंडापासून निघून डावीकडे जाते. डाव्या हाताला हा भाग ओढायचा, छान गोल येतो. खालून परत दंडाकडे येताना ढकलायचं असतं, तिथे गाठ चपटी होते. मग कान: दंडाच्या मध्यातून उजवीकडे निघून खाली वळायचा, तो सगळाच ढकलण्याचा. म्हणून डावऱ्या मुलाच्या ‘क’ आणि ‘फ’चा कान गोल न येता कोपरा पडल्यासारखा मोडतो. इथे ‘नीट काढ’ म्हणून उपयोग नाही. कान वर थोडा उचलून निघू द्या, म्हणजे आडवा प्रवास कमी आणि खालचा उतार जास्त. उतार डाव्या हातालाही ओढताच येतो.

‘व’, ‘ब’, ‘ठ’, ‘ढ’ यांचे गोल बहुतेक उजवे हात घड्याळाच्या उलट फिरवतात. डावरं मूल सुलट फिरवू लागलं तर लगेच टोकू नका. गोल बंद होतोय ना, आणि दंडाला चिकटतोय ना? मग चालू द्या. ‘ह’, ‘झ’, ‘इ’, ‘ळ’ मध्ये वळण दोन्हीकडे जातं, तिथे मात्र क्रम शिकवावा लागतो, नाहीतर अक्षर तीन-चार तुकड्यांत जोडलं जातं आणि वेग मरतो. ‘श’ देठाचा आणि ‘ल’ पाकळीचा काढायचा, हा मराठी वळणाचा आग्रह धराच. पाकळीचा ‘ल’ डाव्या हाताला जड जातो, त्यावर दोन दिवस जास्त द्या.

शिरोरेघ शब्द पूर्ण झाल्यावर, एका दमात. आणि डाव्या हाताने ती उजवीकडून डावीकडे ओढली तरी चालते! तयार शब्दात कोणाला कळत नाही, रेघ सरळ येते. जुन्या मोडी लेखनात तर आधी ओळभर रेघ मारून घेत आणि अक्षरं तिच्याखाली टांगत जात. सराव म्हणून हाच उलटा क्रम आठवडाभर करून बघा: दुरेघीवर रेघ आधी, अक्षरं नंतर. अक्षरांची उंची सारखी होते.

‘३’ आणि ‘६’ची अदलाबदल हा वेगळा विषय. हे दोन अंक जवळजवळ एकमेकांची आरशातली प्रतिमा आहेत. सहा-सात वर्षांपर्यंत मुलं उलटं लिहितात, उजवीही लिहितात. तेवढ्यावरून कोणताही दोष आहे असं ठरवू नका. सात-आठनंतरही नेहमी होत असेल आणि वाचनही अडखळत असेल तर तज्ज्ञांकडे जावं.

वस्तू

पेन्सिल एचबी. टूबी मऊ आणि काळी, पण डाव्या हाताखाली पान राखाडी होतं. पाटीवर हाच त्रास पांढऱ्या रंगात: मूल लिहीत जातं आणि तळवा मागून पुसत जातो. पाटी उभी न धरता तिरकी मांडीवर घ्यायला लावा. पेन घेताना जेल टाळा, ते वाळायला वेळ लावतं. घेण्याआधी एक शब्द लिहा, तीन मोजा, बोट फिरवा. पसरलं तर परत ठेवा. नागपुरात सीताबर्डीच्या स्टेशनरीच्या दुकानात काउंटरवर चिटोरं पडलेलंच असतं, लाजायचं काय त्यात? शाईपेन हवंच असेल तर टोक बारीक नको, मध्यम घ्या. बारीक टोक ढकलताना कागद खरवडतं. उजव्याने वापरलेलं जुनं पेन डाव्याला देऊ नका.

कात्री हा खरा फसवणुकीचा धंदा. उजव्या कात्रीचं वरचं पातं उजवीकडे असतं. उजवा हात दाबला की पाती एकमेकांवर घासतात. तीच कात्री डाव्या हातात दाबली की पाती फाकतात, कागद कापला न जाता मध्ये दुमडतो आणि कापायची रेघ पात्याआड लपते. ‘दोन्ही हातांना चालते’ म्हणून जी मिळते तिची नुसती मूठ सारखी असते, पाती उजवीच. खऱ्या डाव्या कात्रीत वरचं पातं डावीकडे असतं. तिथल्या तिथे कागद कापून बघा.

स्पायरलची वही डाव्या मनगटाला तारेवर चढवते. वरच्या कडेला तार असलेली घ्या, किंवा वही मागून उलटी सुरू करा.

पट्टीवर मोजताना शून्य डावीकडेच ठेवा, दोन्ही टोकांना ठिपके द्या, पण रेघ उजव्या ठिपक्यापासून डावीकडे ओढा. मापही चुकत नाही, पट्टीही सरकत नाही. कंपास डाव्या हाताला घड्याळाच्या उलट फिरवायला सोपा जातो, तसाच फिरवू द्या.

नागपूरचा उन्हाळा

पारा 45 च्या वर गेला की हात घामेजतो आणि कागद तळव्याला चिकटतो. कूलर चालू असेल तर हवेतला ओलावा कागदात शिरतो आणि शाई फुटते. त्यात कूलरचा झोत थेट टेबलावर घेतला की पानं उडतात, मूल दुसऱ्या हाताने पान दाबून धरतं आणि कागदाचा कोन बिघडतो. टेबल झोताच्या बाजूला घ्या. हाताखाली पोस्टकार्डाएवढा जाड कागद ठेवा आणि ओळीबरोबर खाली सरकवा. चित्र काढणाऱ्या उजव्या हातालाही हा उपाय लागू. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या शेवटी उघडतात. पकड किंवा कागदाचा कोन बदलायचा असेल तर हीच सुट्टी धरा, परीक्षेच्या तोंडावर हात लावू नका. रोज दहा मिनिटं, एका वेळी एकच बदल, आणि एका आठवड्यात दोन-तीनच अक्षरं.

चित्रात हात दिसतो

दाट रेघांनी छाया भरलेलं कोणतंही पेन्सिलचित्र घ्या. मनगट किंवा कोपर आसासारखं धरून उजवा हात हलवला की रेघा खालून डावीकडून वर उजवीकडे पडतात. डावा हात वर डावीकडून खाली उजवीकडे पाडतो. लिओनार्दो दा विंची डावखुरा होता, त्याच्या चित्रांतल्या छायेच्या रेघा अशाच उतरतात, आणि अभ्यासक त्याचं रेखाटन शिष्यांच्या कामातून वेगळं काढताना हीही खूण बघतात. आडव्या रेघेत सुरुवातीला दाब जास्त, शेवट निमुळता. त्यावरून ती कुठून ओढली ते कळतं. बाजूने दिसणारा चेहरा काढायला सांगितला तर उजव्या हाताची माणसं बहुधा डावीकडे तोंड असलेला काढतात. डाव्या हाताच्या माणसांत हा कल कमी दिसतो. मासा, पक्षी, मोटार यांचंही तसंच. या सगळ्या खुणा शक्यतेच्या आहेत, एकीवरून ठरवू नये, तीन जुळल्या तर म्हणावं. अक्षराच्या वळणावरून माणसाचा स्वभाव आणि भविष्य सांगणारेही भेटतील. त्यांना चहा पाजा आणि पाठवा.

एलिमेंटरी-इंटरमिजिएट या शासकीय चित्रकला परीक्षांच्या तयारीत या सवयी फार कामाला येतात. वस्तुचित्राला बसताना उजव्या हाताच्या विद्यार्थ्याने वस्तू आपल्या बोर्डाच्या डाव्या कडेबाहेर दिसेल असं बसावं, डाव्याने उजव्या कडेबाहेर. म्हणजे काढणारा हात नजरेआड येत नाही आणि मान कमी वळते. हॉलमध्ये जागा आधी धरा. छाया भरताना डाव्या हाताने वरच्या उजव्या कोपऱ्यातून सुरुवात करावी आणि डावीकडे खाली यावं. सगळीकडे एकाच दिशेच्या रेघा पडत असतील तर हात न वळवता कागद फिरवा: गोल मडक्यावर रेघ मडक्याच्या पोटाबरोबर वळायला हवी, हाताच्या सवयीबरोबर नव्हे.

स्मरणचित्रात बघा, मुलाच्या सगळ्या आकृत्या एकाच दिशेला चाललेल्या असतात. बाजारात भाजी घेणारे, सायकलवाला, कुत्रा, सगळे डावीकडे तोंड करून, जणू मिरवणूक. कच्च्या आराखड्यात प्रत्येक आकृतीच्या नाकाच्या दिशेने एक छोटा बाण काढायला सांगा. बाण मोजा. सगळे एकीकडे असतील तर निदान एक आकृती वळवा. वळवलेली आकृती आधी बिघडते, कारण हात त्या बाजूला कधी गेलेलाच नसतो. पातळ कागदावर नेहमीच्या बाजूने काढा, कागद उलटून खिडकीच्या काचेला लावा आणि मागून गिरवा. आठ-दहा वेळा गिरवल्यावर काचेशिवाय काढून बघा.

अक्षरलेखनाला कट निब घ्यायची तर दुकानात ‘मराठीची’ म्हणून मागा. देवनागरीची काट इंग्रजीच्या उलट तिरकी असते. डाव्या हाताला निब कागदावर पूर्ण टेकते की एकच कोपरा लागतो ते एक दंड ओढून बघा. कोपरा लागत असेल तर निब न बदलता कागद थोडा थोडा फिरवत जा, दंड दोन्ही कडांनी स्वच्छ उमटला की तिथेच टेप चिकटवा.